सरांचे चौदा राखाडी

आमच्या घरमालकांच्या, म्हणजे सरांच्या मते राखाडी रंग चौदा प्रकारचा असतो. एकदा मी त्यांना सगळे चौदा सांगायला लावले आणि बोटं मोजत बसलो. ओली म्हैस, कोरडी म्हैस, तव्याची पाठ, चुलीतली राख, पुसलेली पाटी, रंकाळ्याचं सकाळचं पाणी असं करत ते अकरापर्यंत आले आणि थांबले. उरलेले तीन कुठले, असं विचारल्यावर म्हणाले, "ते सांगून उपयोग न्हाई. तुम्हाला दिसणार न्हाईत."

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत स्टोअरकीपर होतो. आमच्याकडे साठ्याच्या कार्डावर चौदा नग आणि खणात अकरा असा प्रकार निघाला, तर त्याच दिवशी लेखी खुलासा द्यावा लागे. सरांकडून असा खुलासा कधी मिळाला नाही, आणि मागावा असं त्यांच्यासमोर कधी वाटलंही नाही. सगळी गडबड तिथंच झाली.

मंगळवार पेठेत त्यांच्या घरात आम्ही नऊ वर्षं दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. ते हायस्कूलमध्ये ड्रॉइंगचे मास्तर होते, निवृत्त झालेले. उंच, वाळके, पांढरा पायजमा आणि वर पांढरा सदरा. कुठलीही वस्तू समोर आली की डावा डोळा मिटायचा, उजव्या हाताची मूठ करून तिची नळी उजव्या डोळ्याला लावायची आणि बघायचं. वांगी घेताना, रिक्षात बसताना, चहा पिताना हेच. दुधाच्या चहाचा रंग आवडला नाही तर कप परत आत जायचा. फाटकाला त्यांनी एका वर्षात तीनदा रंग दिला आणि चौथ्यांदा सगळा खरवडून नुसतं लोखंड ठेवलं. त्यांची बायको, आमच्या काकू, माझ्या बायकोला सांगायच्या, "आमच्या लग्नात ह्यांनी तीन शालू परत केलते. माझा बा म्हनला, पोरगी तरी ठेवून घेतायसा न्हवं?"

इतकं सोडलं तर माणूस सरळ होता. भाडं वाढवलं नाही, पाणी तोडलं नाही, माझ्या दोन्ही मुलांच्या ड्रॉइंगच्या वह्या न सांगता तपासून द्यायचे. मुलांना त्यात नेहमी नापास करायचे, तो भाग वेगळा.

सत्त्याण्णव साली मी पाचगावच्या रस्त्याला एक प्लॉट घेऊन तीन खोल्या बांधायला काढल्या. त्याच सुमारास सरांच्या मुलाचं लग्न चांदीकामाच्या हुपरीतल्या एका मुलीशी ठरलं. सर आमच्या दारात येऊन म्हणाले, "वैशाखात लग्न हाय. तुमच्या दोन खोल्या पोराला लागतील." मी म्हणालो, "पाडव्याला किल्ली तुमच्या हातात." आणि ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं. तोवर मी दिलेली तारीख कधी चुकवली नव्हती. नोकरीत नाही, घरात नाही, उसन्या आणलेल्या वस्तूच्या बाबतीतही नाही.

जानेवारीत स्लॅब, गिलावा, दारं-खिडक्या सगळं झालं. फक्त फरशी राहिली. बायकोला तिच्या बहिणीसारखी पांढरी चकचकीत फरशी हवी होती. मी राखाडी सिमेंटची ठरवली होती. गावात तयार होते, मजबूत असते, फुटली तर तशीच दुसरी मिळते. एका संध्याकाळी अंगणात मी हे बायकोला समजावून सांगत होतो. माझी चूक एवढीच, की सर तिथंच तुळशीला पाणी घालत होते.

"राखाडी?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. "कुठला राखाडी?"

"कुठला म्हणजे? राखाडी."

शाळेत निळा आंबा काढणाऱ्या पोराकडं ते जसं बघत असतील, तसं माझ्याकडं बघितलं. "उद्या रविवार हाय. मी येतो तुमच्यासंगं."

फरशीचा कारखाना एका चाचांचा होता. पत्र्याची शेड, एक दाबाचं मशीन, मागं पाण्याच्या टाक्या, आणि टाक्यांत उभ्या करून ठेवलेल्या फरश्या. मी हिशेब काढून नेला होता. चारशे चौरस फूट, दहा इंची फरशी, म्हणजे पाचशे शहात्तर. तुटफूट आणि कापाकापी धरून सहाशे चाळीस. चाचांनी कागद बघितला आणि म्हणाले, "असं गिऱ्हाईक पायजे. पंधरा दिवसांत माल टाकतो." तेवढ्यात सर शेडच्या मागून सात फरश्या घेऊन आले. सातही राखाडी. मला त्यांत फरक दिसला नाही. "ह्या घरी नेतो," सर म्हणाले. "बघायला लागतील."

बघणं चार आठवडे चाललं.

पहिल्या आठवड्यात सातही फरश्या अंगणात मांडून सकाळी, दुपारी आणि दिवे लागायच्या आधी अशा तीन वेळा बघायच्या, आधी कोरड्या, मग ओल्या. दुसऱ्या रविवारी सर घरातून वाटी घेऊन आले. वाटीत तांबडा रस्सा होता. प्रत्येक फरशीवर त्यांनी एकेक पळी ओतली. मग आत जाऊन पांढरा रस्सा आणला आणि शेजारी तोही ओतला. माझी बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आमच्या ताटात आज वांगं, आणि फरशीला दोन रश्शांचं जेवण."

"लोक म्हणतात राखाडीवर डाग दिसत न्हाई," सर म्हणाले. "खोटं हाय. पांढऱ्यावर तांबडा दिसतो, काळ्यावर पांढरा दिसतो. राखाडीवर दोन्ही दिसतात. म्हणून तर राखाडी घ्यायचा. घरात काय सांडलंय ते कळलं पायजे."

"कळण्यासाठी फरशी घ्यायची?" मी विचारलं.

"मग कशासाठी?"

आठ दिवस अंगणात माश्या होत्या. शेजारचं मांजर दोन नंबरच्या फरशीवरून हलायला तयार नव्हतं. सरांनी तीही नोंद केली.

चौथ्या आठवड्यात ते मला पहाटे उठवून गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर घेऊन गेले. गवळी म्हशी घेऊन उभे असतात, समोर धार काढून ग्लास देतात. लोक दूध प्यायला जातात. आम्ही फरश्या घेऊन गेलो. सरांनी पिशवीतून चार नंबरची काढली, एका म्हशीच्या कुशीला टेकवून धरली आणि मुठीची नळी करून बघायला लागले.

गवळ्यानं थोडा वेळ सोसलं. मग म्हणाला, "पावणं, म्हशीला फरशी बसवताय काय?"

"जरा पाणी मारा की हिच्या पाठीवर," सर म्हणाले.

का कोण जाणे, त्यानं मारलं. सरांना बघून माणसं असं करतात. मी एकटाच नव्हतो. म्हैस मात्र वेगळ्या मताची होती. ती बाजूला सरली, सरांच्या हातातली फरशी खाली पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. गवळी मला म्हणाला, "रोज धा जण किंमत इचारत्यात, फॅट इचारत्यात. रंग इचारणारं ह्ये पयलंच." सर तुकडे गोळा करत होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "सापडला," ते म्हणाले. "ओली म्हैस वाळायला लागली की जो होतो, तो. चार नंबर."

ज्या फरशीवर शिक्कामोर्तब झालं ती फुटलेली होती, पण मी आनंदानं ऑर्डर दिली. पाडव्याला पंचवीस दिवस उरले होते. मी तक्ता केला: माल तयार व्हायला बारा दिवस, बसवायला चार, वाळायला तीन, पॉलिशला चार. दोन दिवस हातात राहतात. तो सरांना दाखवला. त्यांनी एक डोळा मिटून बघितला आणि म्हणाले, "रेघा सरळ मारल्यात."

माल वेळेवर आला. चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, सिमेंट हाय हे, कापड न्हाई. चार दिवसांचा माल हाय, चार दिवसांसारखा दिसंल." सरांनी पहिली खेप उतरताना बघितली आणि मला बाजूला घेतलं. त्यांना चार नाही, बावीस छटा दिसत होत्या. पण ते चिडले नव्हते, उलट त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आपण ह्या लावून घेऊ. दारात सगळ्यात गडद, मग हळूहळू फिकट होत स्वयंपाकघरापर्यंत. माणूस जसा आत येईल तसं घर उजळत गेलं पायजे."

इथं मला एक कबूल केलं पाहिजे. ही कल्पना मला पटली. रंग मला अजूनही कळत नव्हता, पण सहाशे चाळीस वस्तूंना क्रमांक देऊन प्रत्येकीची जागा कागदावर ठरवायची, हे माझ्याच कामासारखं होतं. मी दोन दिवस रजा टाकली. सर प्लॉटवर चादर बांधून सावलीत बसले आणि एकेक फरशी बघून छटा सांगायला लागले. मी तिच्यावर क्रमांक टाकायचा आणि वहीत ओळ-रकाना लिहायचा. क्रमांक खडूनं टाकले. फाउंड्रीत आम्ही कास्टिंगवर खडूनंच टाकतो. सरांनी तर जन्मभर खडूच हातात धरलेला. दोघांपैकी एकालाही दुसरं काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाशे चाळीसावी फरशी ठेवली तेव्हा सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वही घेऊन प्लॉटवर गेलो. फरशी बसवणारा मिस्त्री आदल्या संध्याकाळी आम्ही गेल्यावरच आपली माणसं घेऊन आला होता. जागच्या जागी लावलेली एकही फरशी दिसत नव्हती. सगळ्या पाण्याच्या हौदात होत्या.

"भिजत घातल्यात," मिस्त्री म्हणाला. "कोरडी बसवली तर फरशी खालच्या सिमेंटच्या मालातलं पाणी पिती. मग धरत न्हाई."

"त्यांच्यावर नंबर होते," मी म्हणालो.

"व्हय, खडूचं कायतरी होतं. पोरांनी गिरवलंय म्हटलं. पुसून घेतलं सगळं."

सर हौदाच्या कडेला बसले. पाण्यात हात घालून त्यांनी एक फरशी वर काढली, दुसरी काढली. ओल्या फरश्या सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात. हे मला कळत होतं म्हणजे बघा. मग सर म्हणाले, "वाळवू. परत लावू."

पाडव्याला नऊ दिवस होते. मी तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं. बायकोनं घरी आल्यावर तेच सांगितलं, मग तिच्या बहिणीनं सांगितलं, मिस्त्री तर रोज सांगत होता. मी मनात वाक्यही तयार केलं होतं: सर, घर माझं आहे आणि तारीख तुमची आहे, आता बसवू द्या. पण त्यांच्या ओल्या बाह्या बघून तोंडातून निघालं, "बरं."

पाडव्याच्या सकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हातात साखरेची गाठी होती, किल्ली नव्हती. सर गुढी बांधत होते. मी म्हणालो, "सर, आज तारीख." ते म्हणाले, "जरा लांबून बघा बरं, डावीकडं कलतीय काय?" मी लांबून बघितलं. कलत होती.

मग लग्न आलं. नवरा-नवरीला सरांनी स्वतःची खोली दिली, कारण ठरलेल्या दोन खोल्यांत आम्हीच होतो. काकू आमच्यात झोपायला यायच्या. आणि सर गादी, तांब्या आणि कंदील घेऊन माझ्या प्लॉटवर राहायला गेले. "फरशीपाशी कुणीतरी पायजेच," म्हणाले. म्हणजे मी त्यांच्या घरात आणि ते माझ्या घरात. रोज कागलहून परत येताना मी स्कूटर वाकडी करून त्यांचा डबा पोचवायचा. आजूबाजूचे लोक त्यांनाच मालक समजायला लागले. एकानं मला विचारलं, "मालक चांगले आहेत, नाही? तुम्ही भाडेकरू येणार काय इथं?" सर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "लई चांगली माणसं हायत ही. नऊ वर्षं झाली."

मला लाज वाटत होती, ती त्या बोलण्याची नव्हे. त्यांच्या घरात नवीन सून आलेली, आणि तिला पाय पसरायला जागा नाही ती माझ्यामुळं. ती दारातून जाता-येताना माझ्या बायकोकडं बघून हसायची आणि मला खाली बघायला लागायचं. तिनं कधी विचारलं नाही, तुम्ही कधी जाणार. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

सरांचं लावणं एकशे ऐंशीपर्यंत आलं होतं. या वेळी ते क्रमांक टाकत नव्हते, लक्षात ठेवत होते. मिस्त्री म्हणाला, त्याला दुसरीकडं काम आलंय. तेवढ्यात काकूंनी हट्ट धरला, की नव्या जोडप्याला घेऊन जोतिबाला आणि नरसोबाच्या वाडीला जायचं, आणि सासऱ्यानं यायचंच. सर दोन दिवसांसाठी गेले. ते गेलेल्या सकाळी मिस्त्री हातात थापी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, बसवू काय?"

मी म्हणालो, "बसवा."

दोन मिस्त्री, दोन दिवस, चारशे फूट. हाताला येईल ती फरशी, येईल तिथं. मी कामावर गेलो नाही, आणि बघायलाही थांबलो नाही. प्लॉटच्या टोकाला जाऊन बसलो.

सर तिसऱ्या दिवशी सकाळी थेट तिथंच आले. कपाळाला गुलाल तसाच. चपला बाहेर काढल्या, आत गेले आणि मुठीची नळी करून तिन्ही खोल्या फिरले. गडदच्या शेजारी फिकट, फिकटच्या शेजारी मधली, अशी सगळी सरमिसळ होती. मी दारात उभा होतो. काय बोलायचं ते पाठ केलेलं होतं. ते स्वयंपाकघरातून बाहेर आले, हॉलच्या मधोमध थांबले आणि म्हणाले, "हिकडं या. ही बघा. ह्यात पंधरावा हाय."

मी बघितलं. ती राखाडी फरशी होती.

आज त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पुढं सगळीकडं ती मोठी आरशासारखी फरशी आली, दोन फूट बाय दोन फूट, आणि सर अशा घरांत गेले की आल्या पावली परत यायचे. "खाली माझं तोंड दिसतंय," म्हणायचे. "आन्‌ चहाला बोलावलंय म्हणत्यात." आमच्याकडं मात्र यायचे, तासभर बसायचे आणि चहा रंगावरून परत पाठवायचे. माझ्या बायकोनं शेवटी त्यांच्यासाठी स्टीलचा पेला ठेवला. त्यात रंग नीट दिसत नाही.

पण मला सांगायचंय ते किल्लीचं. पॉलिश होऊन आम्ही सामान हलवलं तेव्हा पाडवा उलटून एकसष्ट दिवस झाले होते. शेवटची ट्रंक टेम्पोत ठेवली आणि मी किल्ली घेऊन मोकळ्या खोल्यांत उभा राहिलो. सर, काकू, मुलगा आणि नवी सून, सगळे तिथं आले. मी म्हणालो, "सर, पाडव्याचा शब्द दिला होता. एकसष्ट दिवस उशीर झाला. माझ्याकडून असं कधी झालेलं नाही."

सरांचं लक्ष नव्हतं. ते खाली बघत होते. नऊ वर्षं आमचं कपाट, पलंग आणि धान्याचे डबे जिथं होते, तिथं शहाबादी फरशी फिकट राहिली होती आणि बाकीची काळवंडली होती. त्यांनी डावा डोळा मिटला. उजवी मूठ वर गेली.

"हे असं चालायचं न्हाई," ते म्हणाले. "नवीन संसार हाय. ह्या दोन्ही खोल्यांची फरशी काढू. चाचांकडं जाऊन येऊ. स्टोअरकीपर हायतच संगं, त्यांना आता सगळं म्हाईत हाय."

मुलगा स्वतःच्या अंगठ्याकडं बघायला लागला. काकू उंबऱ्यावर खाली बसल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला. सात फरश्या, चार आठवडे, ऑर्डर, लावणं. दिवाळी गाठत होती.

सून म्हणाली, "मामंजी, फरशी राहू द्या."

आवाज मोठा नव्हता. पण त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं होतं.

"अगं पर रंग बघितलास का? हितं एक, तितं एक..."

"बघितला. आमच्यात चांदी काळी पडली की घासत्यात. बघत बसत न्हाईत." तिनं पदर खोचला आणि बाहेरून पाण्याची बादली आणि खराटा घेऊन आली. "आज घासते, सांजच्याला सामान लावते. जरा सरकताय का? तुमच्या पायाखालचं राहतंय."

सर सरकले. मग त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात आले, मग उंबऱ्यावर आले, आणि पाणी तिथंही आलं तेव्हा बाहेर. मीही बाहेर आलो. काकू केव्हाच उठून तिच्या हाताखाली पाणी ओतायला लागल्या होत्या. इतक्या महिन्यांत कुठल्याही तक्त्यानं, तारखेनं आणि पाठ केलेल्या वाक्यानं मला जे जमलं नव्हतं, ते तिनं चुलीवरचं दूध उतरवावं तसं केलं होतं.

आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. आत खराट्याचा आवाज चालला होता.

"पोरीला रंग कळत न्हाई," सर हळू म्हणाले.

मी किल्ली पुढं केली. ती त्यांनी न बघताच सदऱ्याच्या खिशात टाकली. मग माझ्याकडं वळले, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"पर स्टोअरकीपर, हे 'राहू द्या' तुम्ही मला जानेवारीतच का बोलला न्हाईसा?"